इंटेन्सिव्ह सर

"गळ्याला हात लाव आणि म्हण, आज वाद घालणार नाही."

आईच्या एका हातात अबोलीचा गजरा होता आणि दुसऱ्या हातानं तिनं माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता.

"कुणाशी?" मी विचारलं.

"बघ, झालं सुरू! कुणाशीच नाही. ते लोक काही का बोलेनात, तू विचारलं तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. माझी शपथ आहे तुला, विनू."

शपथांवर माझा विश्वास नव्हता. मी एम.ए. झाले होते, गडहिंग्लजच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते, आणि मुलांना अंधश्रद्धेवर निबंधही लिहायला लावत होते. पण गळा आईचा होता. शपथ मोडली की जिची घेतली तिचं काहीतरी बरंवाईट होतं, हे लहानपणापासून कानावर आलेलं. ते खोटं आहे हे आईच्या जिवावर तपासून बघायची माझी तयारी नव्हती.

"बरं. घेतली," मी म्हटलं. आईनं सुटकेचा निःश्वास टाकून माझ्या केसांत गजरा माळला.

तिची भीती वावगी नव्हती. माझं नाव विनया. आत्या म्हणायची, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. विनय काही माझ्या वाट्याला आला नाही, आणि त्याचं खापर आई अण्णांच्या डोक्यावर फोडायची. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. नाडगौडा सरांनी सांगितलेलं इंग्रजी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव मानायचं. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता, ऐकीव इंग्रजीवर. कुणीतरी कुठंतरी अर्धवट ऐकलेलं, मग दुसऱ्यानं त्याचं ऐकलेलं, आणि मग सगळ्यांनी तेच बरोबर समजून छातीठोकपणे लिहिलेलं.

या रागातूनच आमच्या घरी जेवताना वाद व्हायचे. एकदा 'डीप-सीटेड' की 'डीप-सीडेड' यावर जुंपली. माझं म्हणणं, जुनं दुखणं खोल पेरलेलं असतं, म्हणून 'सीडेड'. अण्णांचं म्हणणं, ते खोल ठाण मांडून बसलेलं असतं, म्हणून 'सीटेड'. आठवडाभर आमटी निवत राहिली. शेवटी अण्णांनी ती जाडजूड डिक्शनरी काढली आणि मी हरले. आमच्याकडे नियम होता, वादात हरेल त्यानं त्या जेवणाची उष्टी काढायची आणि खरकटं पुसायचं. मी पुष्कळदा काढली. पण अण्णांनीही काढली, आणि एरवी पाण्याचा तांब्याही जागच्या जागी मागणारे अण्णा धोतर खोचून ताटं गोळा करायला लागले की आई तोंडाला पदर लावून हसायची. अण्णा मात्र खुशीत असायचे. "आज मजा आली," म्हणायचे. हरण्यात कसली मजा, ते मला कळत नसे.

त्यांचं सगळ्यात लाडकं उदाहरण होतं, 'फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस'. म्हणजे 'व्यवहारात बघायला गेलं तर तसंच'. हे घाईनं म्हटलं की कानाला 'इंटेन्सिव्ह पर्पजेस' ऐकू येतं, आणि पुष्कळ लोक तसंच लिहितात. दरवर्षी दहावीच्या वर्गात अण्णा दोन्ही फळ्यावर लिहायचे, 'इंटेन्सिव्ह'वर मोठी फुली मारायचे आणि म्हणायचे, "कानानं शिकू नका रे, डोळ्यानं शिका." मी त्याच वर्गात शिकले होते. ती फुली मला आजही दिसते.

तर त्या रविवारी बेळगावहून हुदलीकर मला बघायला येणार होते. स्थळ अण्णांच्याच शाळेतले चित्रकलेचे पाटणे सर घेऊन आले होते. मुलगा गुरुराज, अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. हुंडा नको, मानपान नको, फक्त मुलीला इंग्रजी चांगलं यायला हवं. आई तर आठ दिवस जमिनीवर नव्हतीच. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझी पंचाईत तीच होती. मला ते लग्न नको होतं असं नाही. हवं होतं असंही नाही. मनात काहीतरी टोचत होतं, पण काय टोचतंय ते हाताला लागत नव्हतं. जे हाताला लागत नाही ते नको म्हणून सांगायचं तरी कसं?

ते यायच्या आधी अण्णा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. आई उप्पिटाचा रवा भाजत होती.

"काय विनू, काय विचार आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

आईचा हात कढईत थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं.

अण्णांचा पेला तोंडाशी नेता नेता राहिला. "असं?" ते म्हणाले, आणि पेला तसाच भरलेला ओट्यावर ठेवून बाहेर गेले.

मंडळी तीनला येणार होती. संकेश्वरला गाडी पंक्चर झाली आणि यायला चार वाजत आले. मुलगा, त्याची आई, आणि त्याचा मामा. मामा इन्शुरन्स कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी चपला काढायच्या आधीच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"सर, एक आधीच सांगतो, राग मानू नका. आमच्याकडं राहुकाळाचं फार आहे ओ. आज रविवार, साडेचारला राहुकाळ लागतोय. तो संपायच्या आत अमावस्या लागत्ये. आणि हा परवा विमानात बसणार. त्यामुळं पसंत पडलं तर साडेचारच्या आत कुंकू लावून घेऊ. नाहीतर मग आणखी वर्षभर काही जमायचं नाही बघा."

"आणि कुडाळची मुलीकडची मंडळीही उत्तराला थांबलीत," मुलाची आई हसून म्हणाली. हसण्यात दुखवण्याचा हेतू नव्हता. तिनं पिशवीतून बेळगावच्या कुंद्याचा पुडा काढून टेबलावर ठेवला. तोंड गोड करायची तयारी होती. मग ती ट्रंकेवर बसली. आमच्याकडं खुर्च्या कमी, म्हणून आईनं सकाळी घरभर पसरलेली सगळी पुस्तकं ट्रंकेत भरून वर गादी आणि धुतलेली चादर घातली होती. डिक्शनरी त्या ट्रंकेत सगळ्यात वर होती. अण्णांनीच ती ठेवली होती.

उप्पीट झालं, कॉफी झाली. मामांनी मला इंग्रजीत चार प्रश्न विचारले. मी विचारलं तेवढं सांगितलं. गुरुराज सभ्य मुलगा होता. त्यानं विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय?"

मला बरंच विचारायचं होतं. तिथं मी शिकवू शकेन का, तुम्हाला काय वाचायला आवडतं, अन् जेवताना तुमच्या घरी कोण बोलतं. पण आई दारात उभी होती, गळ्यातल्या मंगळसूत्राशी चाळा करत.

"नाही," मी म्हटलं.

मामा खूश झाले. "हेच, हेच आम्हाला पाहिजे होतं. पाटणे सर म्हणाले होते मुलगी हुशार आहे, म्हणून मी जरा घाबरूनच होतो ओ. तीन मुली सोडल्या आम्ही. शिकलेल्या सगळ्या, पण प्रत्येक गोष्टीत हुज्जत. ही शांत आहे. एवढी शिकून शांत! सर, कौतुक आहे तुमचं."

"शांत," अण्णा म्हणाले. मामांचा शब्द त्यांनी नुसता परत म्हटला. मला हसूही येईना आणि रडूही. कोपऱ्यात बसलेल्या पाटणे सरांना ठसका लागला. त्यांनी मला लहानपणापासून बघितलं होतं.

"मग काय," मामा म्हणाले, "फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस, लग्न ठरलंच म्हणायचं. अक्का, कुंकू काढ."

मुलाच्या आईनं पिशवीत हात घातला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "इंटेन्सिव्ह."

"काय म्हणालात?"

"फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस. असं आहे ते. तुम्ही इंटेंट्स अँड म्हणालात म्हणून सांगितलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाटणे सरांनी मान वर केली. मामा आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. पण अण्णांचा चेहरा वर्गात असतो तसा होता.

"नाही ओ सर," मामा म्हणाले. "इंटेंट्स अँड पर्पजेसच. सगळ्या कंपनीच्या कागदात तसंच असतंय."

"कागद लिहिणारे काय, ऐकीव लिहितात," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "काय विनू? कुठलं बरोबर?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यापुढं फळा होता, त्यावरची फुली होती, आणि ती फुली काढणारा माणूस समोर बसून धडधडीत उलटं सांगत होता. जिभेच्या टोकावर आलं होतं, 'अहो अण्णा, काय बोलताय!' दारात आईनं गळ्याला हात लावला.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं.

अण्णांनी एकदा मान हलवली. मग ते खुर्चीत नीट मागं टेकून बसले आणि म्हणाले, "बघा मामा, एम.ए. इंग्लिशही माझ्याच बाजूनं आहे."

यानंतर जे झालं ते माझ्या आकलनापलीकडचं होतं. अण्णांनी त्या चुकीच्या शब्दाची बाजू अशी काही लढवली की मलाच क्षणभर शंका आली, आपण दहावीत काही वेगळं तर शिकलो नाही? त्यांचं म्हणणं, पर्पज म्हणजे हेतू आणि इंटेंट म्हणजेही हेतूच. मग इंग्रज माणूस एकच गोष्ट दोनदा कशाला म्हणेल? तो काय वेडा आहे? इंटेन्सिव्ह म्हणजे तीव्र. तीव्र हेतूंसाठी. अर्थ कसा सरळ लागतो! मामा लाल झाले. "अहो, तसे जोडशब्द असतातच की! आपल्यात नाही का, कामधंदा म्हणतो, बाजारहाट म्हणतो!" अण्णा म्हणाले, "हां, हा मुद्दा बघण्यासारखा आहे," आणि मग बाजार वेगळा अन् हाट वेगळा कसा, ते विस्तारानं सांगत बसले.

"मामा, तिकडं कुणी एवढं बघत नाही," गुरुराज म्हणाला.

"तू गप्प रे. हा प्रिन्सिपलचा प्रश्न आहे."

"डिक्शनरी असेल की तुमच्याकडं," मुलाची आई म्हणाली. "बघा आणि मिटवा. वेळ चाललाय."

"डिक्शनरी शाळेत आहे," अण्णा म्हणाले.

मी ट्रंकेकडं बघितलं. मुलाची आई ट्रंकेवर बसली होती. अण्णा कधी खोटं बोलत नसत. आईच्या नातेवाइकांना बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. अण्णांची पन्नाशी उलटून गेली होती. शेजारच्या गल्लीतले बापूसाहेब असेच एक दिवस स्वतःच्या मुलाला 'आपण कोण?' म्हणून विचारायला लागले होते. त्यांचीही सुरुवात अशीच कशावरून तरी झाली होती.

"सर," पाटणे सर न राहवून म्हणाले, "पण वर्गात तर तुम्ही…"

"पाटणे, तुम्ही चित्रं काढा," अण्णा म्हणाले. पाटणे सरांशी ते असं कधीच बोलले नव्हते. पाटणे सरांचा चेहरा उतरला.

आईनं मला आत ओढलं. "काय चाललंय हे? काय बोलतायत ते?"

"मला काय माहीत?"

"चुकतायत का?"

"शंभर टक्के चुकतायत."

"मग सांग की त्यांना!" आई म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. "नको, नको. तू नको बोलूस. तू बोललीस की आणखी वाढेल." ती घड्याळाकडं बघून तिथल्या तिथं फेऱ्या मारायला लागली. शपथ सोडवायचं तिच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही तिला सुचवलं नाही. का नाही सुचवलं, तेही मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

बाहेर मामा उभे राहिले होते. अण्णा बसूनच होते. अण्णांचा आवाज जराही चढलेला नव्हता. मामा चुकीचे असते तर ते कधीच विषय सोडून मोकळे झाले असते. पण ते बरोबर होते, आणि बरोबर असलेल्या माणसाला असा वाद अर्धा टाकून उठवत नाही. त्यात समोर इंग्रजीचा मास्तर. मामांनी मनाशी धरलंच होतं, की आज नाडगौडा सरांकडून कबूल करून घ्यायचं.

शेवटी मुलाच्या आईचा धीर सुटला. "तुम्ही बसा भांडत," म्हणत ती उठली, मला बोलावून पाटावर बसवलं, करंडा उघडला आणि अनामिका कुंकवात बुडवली. ती माझ्यावर वाकली. तिच्या हाताला चंदनी साबणाचा वास येत होता. मी डोळे मिटले.

"मामा," अण्णा मोठ्यानं म्हणाले, "तुमचं बरोबर असेलही."

"थांब अक्का!" मामा ओरडले. "सर कबूल करतायत. एक मिनिट थांब!"

तिचं बोट माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. मी डोळे उघडले. सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या होत्या. अण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं एक काच पुसली. मग दुसरी पुसली. मग चष्मा डोळ्यावर चढवून म्हणाले, "पण मला तसं वाटत नाही."

घड्याळानं साडेचारचा टोला दिला.

एकच टोला, पण घरातलं सगळं थांबलं. मुलाच्या आईनं बोटाकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि रुमालाला कुंकू पुसलं. रुमालावर लाल डाग पडला.

"असेल हो," अण्णा आता अगदी मऊ आवाजात मामांना म्हणाले. "तुमचंच बरोबर असेल. माझं आपलं ऐकीव." मामा घड्याळाकडं बघत राहिले. इतका वेळ ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातात पडलं होतं, आणि त्याचं आता काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं.

खरी गंमत पुढंच होती, पण ती तेव्हा गंमत वाटली नाही. राहुकाळात कुंकू लावता येत नाही, तसं प्रवासाला निघताही येत नाही. मंडळी आमच्या घरात अडकली. आईनं परत कॉफी केली. कुणी नीट प्यायलं नाही. गुरुराज कॅलेंडरवरच्या चित्राकडं बघत बसला. अण्णा जणू काही झालंच नाही अशा थाटात हिरण्यकेशीला यंदा पाणी किती आलं ते सांगत होते. मुलाच्या आईनं दोनदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती, आणि मला वाटलं ती कीव माझ्या बापाबद्दल आहे. मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की कानशिलं तापली.

सहा वाजल्यावर मंडळी उठली. मामा म्हणाले, "कळवतो." मुलाच्या आईनं नमस्कार केला आणि जाता जाता टेबलावरचा कुंद्याचा पुडा उचलून पिशवीत टाकला. पाटणे सर त्यांच्या मागोमाग गेले, आमच्याकडं न बघता.

दार लागलं आणि आई बांध फुटल्यासारखी रडायला लागली.

"सोन्यासारखं स्थळ! काय मिळालं हो तुम्हाला? एका शब्दापायी! तोही चुकीचा! मी पोरीला शपथ घालून गप्प बसवलं, आणि ज्यांनी गप्प बसायचं ते तुम्ही…"

"काय घातलीस?" अण्णांनी विचारलं.

"शपथ! माझी शपथ घातली होती तिला, आज वाद घालायचा नाही म्हणून. नाहीतर ती बसली असती होय गप्प?"

अण्णा मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "मला वाटलं," ते हळू म्हणाले, "मला वाटलं, ही खरंच गप्प झाली."

आई रडायची थांबली. मी दारातच उभी होते.

"दुपारी हिला विचारलं, तुझा विचार काय. तर म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. जन्मल्यापासून या पोरीनं माझं एक वाक्य सरळ जाऊ दिलेलं नाही. मी म्हटलं, एकदा बघू. मुद्दाम इतकं ढळढळीत चुकीचं बोललो, तिच्या तोंडावर. तरी म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मग म्हटलं, हे काही खरं नाही. आधी साडेचार वाजू देत, मग बघू."

"म्हणजे तुम्हाला ते येत होतं?" आईनं विचारलं.

अण्णा उठून आईजवळ गेले. "तिला आधी सोडव. सुटली म्हण."

"आता काय उपयोग?"

"तू म्हण तर."

आईनं डोळे पुसले. "सुटली," ती म्हणाली. "सुटली गं बाई शपथ. बोल काय बोलायचं ते."

"विनू," अण्णा म्हणाले, "माझी चूक झाली असेल तर मी आत्ता गाडी करून बेळगावला जातो. मामांचे पाय धरतो, काय वाटेल ते करतो. अमावस्या संपली की कुंकू लावायला सांगतो. तुझ्या आईनं तुला एका दुपारची शपथ घातली होती. ती माणसं वाईट नाहीत, पण ती जन्माची घालायला निघाली होती. तुला तिथं जायचं होतं का?"

मला अजून आठवतं, मी सांगणार होते, 'मला माहीत नाही.' आठ दिवस तेच उत्तर मी मनात घोकत होते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "नाही."

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "नाही, नाही आणि नाही! आणि अण्णा, 'इंटेंट्स अँड पर्पजेस' आहे ते! बाजारहाट म्हणे! तीव्र हेतूंसाठी म्हणे! असं कुणी बोलतं का? पाटणे सरांना काय वाटलं असेल? पंक्चरच्या दुकानातसुद्धा कुणी असा मुद्दा मांडणार नाही! आणि डिक्शनरी शाळेत? ती बाई ट्रंकेवर बसली होती, त्या डिक्शनरीवर बसली होती! लाज नाही वाटली?"

मी ओरडत होते आणि रडत होते. आई एकदा माझ्याकडं बघे, एकदा अण्णांकडं. अण्णा ऐकत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी मधे एक शब्द टाकला नाही. मग त्यांनी धोतर खोचलं, वाकले, आणि पाहुण्यांच्या कपबशा एकात एक घालत गोळा करायला लागले.

"हरलो," ते म्हणाले. "आज मजा आली."

महिनाभरानं बेळगावहून लग्नपत्रिका आली. मुलगी कुडाळची होती. आईनं ती देवापुढं ठेवली आणि पुढं विषय काढला नाही.

पाटणे सरांनी मात्र विषय काढला. त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं आणि ते दुखावलेही होते. शाळेत पसरलं, शाळेतून गावात. ज्या अण्णांनी वर्षानुवर्षं 'इंटेन्सिव्ह'वर फुली मारली, त्यांनाच पोरं मागून 'इंटेन्सिव्ह सर' म्हणायला लागली. फळ्यावर ते उदाहरण लिहिलं की मागच्या बाकावरून खसखस पिकायची. अण्णा हसायचे आणि फुली मारायचे. खरं काय ते सांगायचं म्हटलं, तर मुलीचं स्थळ मोडलं कुणी, हेही सांगावं लागलं असतं, आणि ते बेळगावपर्यंत गेलं असतं. मी दोन-तीनदा म्हटलं, निदान पाटण्यांना तरी सांगू. ते म्हणायचे, "बघू."

माझं लग्न पुढं मीच जमवलं, कोल्हापुरात. तिथंही हरणाऱ्यानं उष्टी काढायची असतात. अण्णा निवृत्त झाले तेव्हा सत्काराला मी आणि माझे यजमान दोघं गडहिंग्लजला गेलो. पाटणे सर बोलायला उठले. चांगलं बोलले, डोळ्यांत पाणी आणून बोलले. मग शेवटी हसत म्हणाले, "आणि आमच्या इंटेन्सिव्ह सरांना पुढच्या आयुष्यासाठी, फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस, शुभेच्छा." सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतली पोरं बाकांवर थापा मारायला लागली.

मी उभी राहिले. आज सांगायचंच असं ठरवून उभी राहिले. अण्णांनी हार घातलेल्या अवस्थेत खुर्चीतूनच माझं मनगट धरलं.

"बस."

"अण्णा, या लोकांना काही माहीत नाही."

"बस खाली, विनू."

"अहो, पण हे बरोबर नाही."

ते नुसते बघत राहिले, त्या दुपारी बघत होते तसे. पण त्या दुपारी ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी बसले.

घरी आल्यावर आईनं पानं वाढली. गप्पाटप्पा करत जेवणं झाली. हात धुऊन मी परत आले आणि खाली वाकून सगळ्यांची ताटं उचलायला लागले.

"अगं, आज वाद कुठं झाला?" अण्णा म्हणाले.

"झाला की," मी म्हटलं. "मी हरले."